पावतीवरचा नव्व्याण्णवावा दिवस

१

तीन पाय गेले होते आणि त्यांचे पैसे आले नव्हते.

सोमवारी सकाळी मालकांनी ताईंना वरच्या खोलीत बोलावलं, तेव्हा टेबलावर तीन पावत्या मांडून ठेवल्या होत्या. ताईंनी त्या दारातूनच ओळखल्या. तिन्हींवर त्यांचाच निळा शिक्का होता, 'पैसे मिळाले', आणि खाली त्यांचीच सही. तीही चांगली लफ्फेदार, नाकारायची सोय नाही अशी.

कृत्रिम हातपाय बनवणारा तो छोटा कारखाना होता. खाली काउंटरवर ताई, त्यांच्या मागे साच्यांची खोली, वर मालक आणि हिशेबनीस. गिऱ्हाईक पायाची उरलेली रक्कम बँकेतून पाठवायचं आणि पावतीची झेरॉक्स ताईंच्या हातात द्यायचं. ताई नाव, रक्कम आणि तारीख बघायच्या, लांबलचक संदर्भ क्रमांक छापलेला आहे ना एवढी खात्री करायच्या आणि शिक्का मारायच्या. त्या शिक्क्याशिवाय साच्यांच्या खोलीतले मोठे मिस्त्री पायांचं कपाट उघडत नसत. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं आणि कुणाच्या पायात काटा रुतला नव्हता.

"बँकेत विचारलं मी," मालक म्हणाले. "हे तीन नंबर त्यांच्याकडे नाहीतच. असे व्यवहार कधी झालेच नाहीत. म्हणजे पावत्या खोट्या. शिक्के मात्र खरे आहेत, तुमचे."

"मालक, मी नेहमीसारखी पावती बघूनच..."

"मी काही म्हणत नाही, बाई." असं म्हणणारा माणूस बरंच काही म्हणत असतो. "शुक्रवारी पाच वाजेपर्यंत मला सांगा, हे कुणी केलं. नाही सांगता आलं तर ते तुम्हीच केलंत असं मी धरीन, आणि मग आपण पोलिसांसमोर बोलू."

जिना उतरताना ताईंनी कठडा दोन्ही हातांनी धरला. काउंटरवर येऊन बसल्या तर समोर एक म्हातारा पावती घेऊन उभा होता. त्यांनी शिक्का उचलला, आणि तो कागदावर टेकवायचं त्यांना धाडसच होईना.

२

ताईंचे मामा चौतीस वर्षं बँकेच्या ताळमेळ विभागात होते. इकडून निघालेला पैसा तिकडे पोचला की नाही, एवढंच बघण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावरही खोड गेली नाही. घरचे त्यांना भाजी आणायला पाठवत नसत, कारण ते भाजीवाल्याची बेरीज तपासत उभे राहत आणि मागे रांग लागे.

मंगळवारी ताईंनी त्यांच्यापुढे तिन्ही पावत्यांच्या नकला ठेवल्या. मामांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि कागद नाकाशी नेला.

"अरे वा!" ते म्हणाले. "गाढवानं वाघाचं कातडं पांघरलंय, पण कान बाहेरच राहिलेत."

"मामा, माझी झोप उडालीय आणि तुम्हाला गंमत सुचतेय."

"बस. हा संदर्भ क्रमांक बघ. तुम्ही लोक त्याच्याकडे मंत्रासारखं बघता, कळत नाही म्हणून हात जोडता. यात मंत्र काही नाही. पहिली चार अक्षरं पाठवणाऱ्या बँकेची. पुढचे दोन आकडे वर्षाचे. त्यापुढचे तीन आकडे म्हणजे वर्षातला कितवा दिवस. आणि शेवटचे सहा म्हणजे त्या दिवशीचा हा कितवा व्यवहार. दिवस बदलला की ती मोजणी परत एकपासून सुरू. आता पहिल्या पावतीची तारीख सांग."

"बारा जून."

मामांनी मूठ वळली आणि बोटांच्या उंचवट्यांवर महिने मोजत गेले. "बारा जून म्हणजे एकशे त्रेसष्टावा दिवस. पावतीवर काय आहे?"

"शून्य नऊ नऊ."

"दुसरी?"

"तीन जुलै. तिच्यावरही शून्य नऊ नऊ." ताईंनी तिसरा कागद स्वतःच ओढला. एकवीस जुलै. मधले तीन आकडे तेच.

"म्हणजे करणाऱ्यानं एक खरी पावती समोर ठेवली. सुरुवातीचे आकडे जसेच्या तसे घेतले आणि नुसतं शेपूट बदललं," मामा म्हणाले. "ती मूळ पावती नव्व्याण्णवाव्या दिवसाची आहे. नऊ एप्रिलची. ती कुणाची होती आणि कुणाच्या हातात होती, एवढं कळलं की मासा गळाला लागला."

ताईंनी तिन्ही कागद शेजारी शेजारी लावले. "आणि शेपटं?"

मामांनी ती कागदावर लिहिली. चार हजार एकशे सतरा, एकशे एकतीस, एकशे चाळीस. त्यांनी बराच वेळ डोकं खाजवलं.

"हेच कोडं आहे. माणूस मनानं आकडा लिहितो तेव्हा एकेक वाढवतो, नाहीतर वाटेल ते लिहितो. हे आकडे चढत जातात, पण मध्ये चौदाचं अंतर आहे, मग नऊचं. हे कुठूनतरी उचललेत. तुमच्याकडे चार हजारांच्या घरात कशाचे नंबर चाललेत?"

बिलं नऊशेच्या पुढे गेली नव्हती. आवक-जावक वहीतले नंबर दर वर्षी एकपासून सुरू होत. ताईंनी आठवून आठवून मेंदूचा भुगा केला, पण चार हजार कुठेच सापडेना.

३

हिशेबनिसांना सगळे पाठीमागे कुलूपराव म्हणत. ते कपाटाला, खणाला, पेन्सिलीच्या डब्यालासुद्धा कुलूप लावत. बुधवारी मामा त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि ताई दाराशी उभ्या राहिल्या.

"बँकेचा उतारा तुमच्याकडे येतो," मामांनी सुरुवात केली. "पावत्यांची फाइलही तुमच्याकडे. मग जूनमधली चोरी ऑक्टोबरात कशी कळते?"

कुलूपराव लाल झाले. "ताळमेळ मी तीन महिन्यांनी घालतो. या वेळी जरा मागे पडलो. आळशी म्हणा हवं तर, ऐकून घेईन. चोर म्हणू नका."

"का म्हणू नये?"

"अहो, मी वर्षानुवर्षं हेच नंबर उताऱ्याशी लावतोय! मधले तीन आकडे म्हणजे दिवस, हे मला झोपेतही कळतं. मी खोटी पावती केली असती तर जूनच्या पावतीवर एप्रिलचा दिवस ठेवला असता का? मला काय स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायचाय?"

मामा खूश झाले. चोख उत्तर मिळालं की ते समोरच्याचे गुन्हेही माफ करत. "बरोबर आहे. ज्याला हा नंबर वाचता येतो त्यानं हे केलेलं नाही. न वाचता येणाऱ्यानं केलंय."

कारखान्यात नंबर वाचता न येणाऱ्यांत पहिल्या त्याच होत्या.

"नऊ एप्रिलला खात्यात काय आलं, तेवढं बघा," मामा म्हणाले.

कुलूपरावांनी किल्ली शोधली, कपाट उघडलं, उतारा काढला. त्यांचं बोट ओळींवरून खाली सरकलं आणि एका जागी थांबलं. त्यांनी मामांकडे पाहिलं, मग दाराकडे.

"त्या दिवशी एकच रक्कम आलीय," ते हळू आवाजात म्हणाले. "आणि ती ताईंच्या नावानं आलीय."

४

ती रक्कम यजमानांच्या पायाची होती. फेब्रुवारीत त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. एप्रिलमध्ये ताईंनी त्यांना आपल्याच कारखान्याचा पाय आणून दिला. पैसे मामांनी उसने दिले होते. पण यजमानांचं आणि मामांचं विळ्याभोपळ्याचं सख्य, म्हणून घरी ताईंनी "झाली सोय" एवढंच सांगितलं होतं.

ती पावती फाइलमध्ये नव्हती. स्वतःच्या पावतीवर स्वतःच शिक्का मारणं बरं दिसेना म्हणून तो मारलाच नव्हता, हे ताईंना आठवत होतं. पुढे तो कागद कुठे गेला हे मात्र काही केल्या आठवेना. त्या दिवसाचं त्यांना एकच आठवत होतं. यजमान भिंतीचा आधार सोडून उभे राहिले होते.

त्यांनी घरची सगळी कपाटं उपसली. यजमान पलंगावर बसून बघत होते.

"काय शोधतेस?"

"तुमच्या पायाची पावती."

"दोन दिवस झाले, तू जेवत नाहीस. कारखान्यात काहीतरी झालंय, हे मला बाहेरून कळलं." ते जरा थांबले. "खरं सांगशील? माझ्या पायासाठी तू तिथं काही... काही उलटसुलट तर केलं नाहीस ना?"

ताई हातात कपड्यांचा गठ्ठा घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मालकांनी पोलिसांचं नाव काढलं तेव्हाही त्यांना इतकं लागलं नव्हतं. मामांचं नाव त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण आता सांगितलं तर ती बनवाबनवी वाटेल, असं वाटून त्यांनी ते गिळलं. "नाही," एवढंच त्या म्हणाल्या. यजमानांनी मान हलवली. विश्वास ठेवायची फार इच्छा असलेला माणूस हलवतो तशी हलवली, आणि ताईंना ते कळलं.

गुरुवारी मामा त्यांना घेऊन पहिल्या पावतीवाल्याकडे गेले. तो गवंडी होता. एका अर्धवट बांधलेल्या घरात पहिल्या मजल्यावर तो भिंत चढवत होता, नव्या पायावर तोल सांभाळत. ताईंना बघताच त्याच्या हातातली थापी खाली पडली.

"तुमच्या पावतीचे पैसे पोचलेच नाहीत," मामा म्हणाले. "कुठल्या शाखेत भरलेत?"

गवंडी एकदा ताईंकडे बघे, एकदा मामांकडे. मग तो विटांच्या थप्पीवर बसला, विजारीचा पाय वर केला आणि पट्टे सोडायला लागला.

"न्या परत," तो म्हणाला. "मला भांडण नको. न्या हा पाय. पण मला काही विचारू नका."

"अहो, नका! बांधा तो आधी!" ताई ओरडल्याच.

गवंड्यानं पट्टे पुन्हा आवळले.

"ज्यानं पैसे भरलेत तो कागद काढून दाखवतो, तावातावानं भांडतो," परतीच्या रस्त्यावर मामा म्हणाले. "यानं पाय काढला. म्हणजे यानं पैसे भरलेलेच नाहीत. पैसे कुणी खाल्लेलेच नाहीत पोरी, मुळात दिलेच गेले नव्हते. कुणीतरी या माणसाला पाय मिळावा म्हणून पावती बनवली, आणि त्याचं नाव हा मेला तरी सांगणार नाही."

"म्हणजे तर मीच," ताई म्हणाल्या. "पावती माझी, शिक्का माझा. उद्या पाच वाजता मालक हेच म्हणणार. मामा, तुम्हालाही तसंच वाटतंय का?"

मामांनी लगेच उत्तर दिलं नाही. चौतीस वर्षांची सवय, पुरावा नसताना ते हो किंवा नाही म्हणत नसत. ताईंना त्यांचा इतका राग आला की पुढचा रस्ता त्या एकट्याच भराभर चालत गेल्या.

५

शुक्रवारी दुपारी तीन वाजता एका मुलीची आई काउंटरवर आली. मुलीचा पाय नीट बसत नव्हता, घासत होता. साचा तपासायला हवा होता. ताई पाय घेऊन साच्यांच्या खोलीत गेल्या. मोठे मिस्त्री हात धुवायला बाहेर गेले होते.

त्या खोलीत ताई फारशा येत नसत. प्लास्टरची पांढरी धूळ साडीला लागे. भिंतीभर फळ्या होत्या आणि त्यांवर साचे ओळीनं उभे होते. पोटऱ्या, गुडघे, मांड्या, सगळे पांढरे. प्रत्येकावर मिस्त्रींनी पेन्सिलीनं नंबर टाकलेला होता. काउंटरवर गिऱ्हाईक ओळखत ते बिलाच्या नंबरानं. हा नंबर या खोलीबाहेर कधी जात नसे. वर्ष बदललं तरी तो मागे येत नसे, आणि एका माणसाला दिलेला नंबर पुन्हा कधी दुसऱ्याला मिळत नसे.

मुलीचा साचा शोधता शोधता ताईंनी नंबर वाचायला सुरुवात केली. ४१०९. ४११२. ४११५. ४११७.

त्यांनी हातातला पाय फळीवर ठेवला. त्यांनी तो साचा वळवला. मागे मिस्त्रींच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'गवंडी, उजवा'. ४१३१ वर 'शिवणकामवाली'. ४१४० वर 'शाळेचा शिपाई'. ज्यांचे पैसे आले नव्हते तेच तिघे, त्याच क्रमानं.

आणि मग तो कागद कुठे गेला हेही आठवलं. स्वतःच्या पावतीवर शिक्का मारायचा नव्हता म्हणून ती सरळ इथे आणून त्यांनी मिस्त्रींच्या हातात दिली होती. मिस्त्री हसून म्हणाले होते, "तुमचा शब्दच शिक्का, ताई." पावती त्यांच्या एप्रनच्या खिशात गेली होती.

मागे पावलं वाजली. मिस्त्री पंच्यानं हात पुसत दारात उभे होते. त्यांनी ताईंच्या हाताखालचा साचा पाहिला आणि पंचा खुर्चीवर ठेवला.

"शेवटचा नंबर तेवढा ज्याचा त्याचा असावा, म्हणून साच्याचा घातला," ते म्हणाले. "म्हटलं, आपला साचा दुसऱ्याला जात नाही, तसा हाही कुणाच्या खऱ्या नंबराला लागणार नाही. त्याच्या आधीचं सगळं बँकेचं नाव-पत्ता असेल असं वाटलं."

"का केलंत, दादा?"

"गवंड्याचा पाय दहा आठवडे कपाटात तयार पडला होता. कापलेला पाय हळूहळू बारीक होतो, ताई. अजून महिना गेला असता तर तो पाय त्याला बसलाच नसता. पैसे जमतील तेव्हा परत नवा साचा, परत पैसे. मालकांना मी दोनदा सांगितलं. म्हणाले, मी धर्मशाळा उघडलेली नाही." त्यांनी हात चोळले. "तिघांकडून एक पैसा घेतला नाही. मुलांची शपथ."

"सोमवारपासून माझ्यावर काय आलंय, हे तुम्हाला माहीत होतं?"

मिस्त्री खाली बघत राहिले. "रोज सकाळी ठरवत होतो, आज वर जाऊन सांगतो. जिन्यापर्यंत जायचो. हिंमत होत नव्हती."

"घरात माझ्याकडे संशयानं बघतायत हो," ताई म्हणाल्या. "तुम्ही तीन माणसं उभी केलीत, आणि त्यासाठी मला आडवं पाडलंत. दुसऱ्या कुणी केलं असतं तर एवढं वाटलं नसतं. मी तुम्हाला दादा म्हणते."

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजले होते. गवंडी विटांवर बसून पट्टे सोडत होता ते त्यांना आठवलं, आणि क्षणभर वाटलं, जाऊ दे, आपण गप्प बसावं. मग यजमानांनी हलवलेली ती मान आठवली.

"चला वर," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगितलं नाहीत तर मी सांगेन."

६

ताईंनी फोन करून मामांनाही बोलावून घेतलं. मालकांच्या खोलीत पाच जण मावत नव्हते, म्हणून कुलूपराव दारात उभे राहिले. मिस्त्रींनी सगळं सांगितलं. मामांनी मध्ये मध्ये पुरावे लावून दिले. नव्व्याण्णवावा दिवस म्हणजे ताईंची पावती, ती पावती फाइलला कधी गेलीच नव्हती, ती फक्त मिस्त्रींपाशी होती, आणि शेपटं म्हणजे साच्यांचे नंबर, जे ना ताईंना ठाऊक ना हिशेबनिसांना. बोलताना मामांचा चेहरा उजळला होता. ताईंकडे मात्र ते बघायचं टाळत होते.

मालक खुर्चीत मागे रेलले. त्यांच्या टेबलावर नव्या पायांच्या सहा मागण्या पडल्या होत्या. त्यांनी त्या कागदांवरून एकदा नजर फिरवली. मिस्त्रींसारखा हात शोधून सापडणार नव्हता, आणि हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

"मिस्त्री, तुम्ही असं करायला नको होतं," ते म्हणाले. "रक्कम पगारातून कापून घेऊ. दरमहा थोडी थोडी, तुम्हाला झेपेल तशी. पाय राहू देत त्यांच्याकडे. विषय संपला. पोलीसबिलीस नको, उगाच नाव खराब." मग ते ताईंकडे वळून हसले. "झालं गेलं विसरा, बाई. चला, कामाला लागा सगळे."

मिस्त्री बाहेर पडले. कुलूपराव गेले. ताई उठल्या नाहीत. सोमवारी याच खुर्चीसमोर त्या उभ्या होत्या, आणि तेव्हा दरमहा थोडं थोडं, झेपेल तसं, असलं काही कुणी बोललं नव्हतं. चोरी न केलेल्या बाईला पाच दिवस आणि पोलीस, केलेल्या माणसाला हप्ते! मिस्त्रींना तुरुंगात पाठवायचं त्यांच्या मनात नव्हतं. पण अंगाचा नुसता जाळ झाला होता.

"काय हवंय?" मालकांनी विचारलं.

"लेखी हवंय. कारखान्याच्या कागदावर. यात माझा दोष नव्हता असं."

"अहो, आता सगळ्यांना कळलंय की!"

"संशय तुम्ही बोललात, तो गावभर झाला. तो पुसायचा तर कागद लागेल."

मामा काही बोलायला गेले, पण ताईंनी हातानंच त्यांना थांबवलं. मालकांनी घड्याळ पाहिलं, सुस्कारा टाकला आणि कागद ओढला. चार ओळी लिहून सही केली आणि कागद टेबलावरून सरकवला. ताईंनी तो सावकाश वाचला, मग परत सरकवला.

"'गैरसमज झाला होता' असं लिहिलंय तुम्ही. तो शब्द खोडा. गैरसमज नव्हता तो. 'मी खोटा आरोप केला होता' असं लिहा."

मालकांचा चेहरा कडू झाला. पेन बराच वेळ कागदावर थांबलं. खालून मुलीची आई "ताई, ओ ताई" अशा हाका मारत होती, आणि ताई जागच्या हलल्या नाहीत. शेवटी मालकांनी शब्द खोडला, वर नवा लिहिला आणि खोडलेल्या जागी पुन्हा सही केली.

"झालं आता समाधान?" त्यांनी विचारलं.

"नाही," ताई म्हणाल्या आणि कागदाची नीट घडी घातली. "पण हे घरी दाखवता येईल."